दुखणं जात नाही तेव्हा: जुनाट वेदना, आत्महत्येचे विचार आणि मदतीची घडी बसवणं (एक प्रकरण अभ्यास)

इचलकरंजीतले ५४ वर्षांचे एक जोडारी. यंत्रमाग अडला की पाने (स्पॅनर) घेऊन त्याच्याखाली शिरायचं आणि तो पुन्हा चालू करून बाहेर यायचं, हे त्यांचं पंचवीस-तीस वर्षांचं काम. घरात त्यांना सगळे अण्णा म्हणतात, इथेही तेच म्हणू. हे प्रकरण कुणा एका माणसाचं नाही. एकसारख्या अनेक प्रकरणांतले तपशील, कुणाचीही ओळख पटणार नाही अशा बेतानं एकत्र केले आहेत. आकडेही त्याच अर्थानं वाचावेत.

हे वाचणाऱ्या कुणाच्या मनात आत्ता असे विचार चालू असतील तर पुढचं नंतर वाचा. आधी १४४१६ हा क्रमांक लावा. ही टेलि-मानस ही सरकारी सेवा आहे. ती मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीतून बोलता येतं. जीव लगेच धोक्यात असेल तर ११२ किंवा १०८ लावा आणि घरातल्या, शेजारच्या कुणालातरी शेजारी येऊन बसायला सांगा.

पार्श्वभूमी

तीन वर्षांपूर्वी अण्णांच्या कमरेतली गादी सरकून नस दबली आणि ऑपरेशन झालं. कंबर बरीच सुधारली, पण डाव्या पायातली आग राहिली. मांडीच्या मागून पोटरीपर्यंत चटका, तळव्याला मुंग्या आणि रात्री चादरीचा स्पर्शही नको होणं. पुन्हा एमआरआय झाला. त्यात नव्यानं दबलेलं काही नव्हतं.

‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ हे वाक्य अशा माणसाला ऑपरेशनपेक्षा जास्त दुखवतं. डॉक्टरांच्या तोंडी त्याचा अर्थ ‘पुन्हा चिरण्यासारखं काही नाही’ एवढाच असतो. घरी पोचेपर्यंत तो ‘मग दुखतंय कुठं?’ असा होतो. प्रत्यक्षात नस बराच काळ दबून राहिली की तिच्यातून जाणारे वेदनेचे संदेशच बिघडतात. दाब गेला तरी मज्जारज्जू आणि मेंदू ते संदेश मोठे करून ऐकत राहतात. एमआरआयमध्ये रचना दिसते, हा बिघाड दिसेलच असं नाही. मणक्याच्या शस्त्रक्रियेनंतर टिकून राहणारी वेदना ही वैद्यकातली ओळखीची अवस्था आहे, ती नाटकही नाही आणि मनाचा खेळही नाही. हे अण्णांना कुणीतरी समोर बसून सांगायला दोन वर्षं लागली.

दरम्यान काम सुटलं. पतसंस्थेच्या कर्जाचे हप्ते मुलावर आले. पत्नी गारमेंटमध्ये शिलाईला जाऊ लागली. झोप रात्री तीन तासांवर आली. अंगदुखीच्या गोळ्या मेडिकलमधून परस्पर यायच्या. त्यांचा नसेच्या वेदनेवर फारसा उपयोग होत नाही, त्यामुळे गुण येत नव्हता आणि पोटात जळजळ मात्र सुरू झाली. नसेच्या वेदनेसाठी लिहून दिलेलं प्रिगॅबालिन त्यांनी गुंगी येते म्हणून एके दिवशी आपल्या मनानं बंद केलं. झोपेसाठी मग क्वार्टर सुरू झाली.

आजारपण आणि आत्महत्या यांचं नातं आपण समजतो त्याहून जवळचं आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद आहे. कौटुंबिक समस्यांखालोखाल आजारपण हेच कारण येतं, १८.४ टक्के. राज्यांमध्ये महाराष्ट्राचा आकडा सर्वांत मोठा, २२,७४६. कारणांचे हे रकाने ढोबळ असतात. अण्णांच्या प्रकरणात आजार, झोप, कर्ज, दारू आणि ‘आता आपला उपयोग काय’ हे सगळं एकाच दोऱ्यात ओवलेलं होतं. यातलं एकच सोडवायला गेलं की बाकीचे ओढत राहतात, म्हणून उपचाराची आखणीही एकाच जागेवर करून भागलं नाही.

दिसलेल्या, पण न वाचलेल्या खुणा

सहा महिने अण्णा म्हणत होते, ‘देवानं उचललं तर बरं.’ आपल्याकडे थकलेली माणसं हे वाक्य इतक्या सहज म्हणतात की ऐकणारा ‘असं म्हणू नये’ म्हणून पुढच्या कामाला लागतो. मरण यावं असं वाटणं आणि आपण ते आणावं असं वाटणं यांत फरक आहे, पण मध्ये भिंत नाही. वाक्य बदललं की कान टवकारावेत. अण्णांचं वाक्य बदललं होतं. ‘देवानं उचललं तर बरं’ याचं ‘माझ्यामागं तुमचं तरी नीट होईल’ झालं. पहिल्यात थकवा आहे. दुसऱ्यात आपल्या जाण्यानं दुसऱ्यांचा फायदा होईल असा हिशेब आहे, आणि हा हिशेब जास्त धोक्याचा.

मग त्यांनी मुलाला बसवून पासबुक, विम्याचे कागद आणि मोबाइलचा पिन दाखवला. घरच्यांना बरं वाटलं, व्यवहार मार्गी लागतोय म्हणून. त्यानंतरच्या आठवड्यात त्यांनी पान्यांचा संच एका होतकरू जोडाऱ्याला देऊन टाकला. त्यात रिंग पाने होते, डबल एंड होते आणि मुठीवर वीस वर्षांच्या तेलाचा काळा थर चढलेला एक हातोडा होता. जोडारी आपला पाना उसनासुद्धा देत नाही. काम सुटून दोन वर्षं झाली तरी ही पेटी पलंगाखालून हलली नव्हती. ती गेली, त्याच आठवड्यात अण्णा कधी नव्हे इतके शांत दिसले. घरच्यांनी त्याचा अर्थ ‘सुधारले’ असा घेतला. बराच काळ घालमेल झालेल्या माणसाला एकाएकी आलेली शांतता म्हणजे सुधारणाच असं धरू नये, तेव्हा तर आधी विचारावं.

पहिली चूक: शपथ

एका रात्री त्यांनी स्वतःहून पत्नीला सांगितलं, ‘नको वाटतंय जगायला.’ ती घाबरली. ‘अहो, असलं अभद्र बोलू नका, माझ्या गळ्याची शपथ आहे तुम्हाला.’ अण्णांनी शपथ घेतली आणि त्यानंतर तीन आठवडे या विषयावर अवाक्षर काढलं नाही.

शपथेमागे माया असते, पण तिचा परिणाम उलटा होतो. विचार येणं माणसाच्या हातात नसतं, बोलणं असतं. शपथ विचार थांबवू शकत नाही, बोलणं थांबवते. वर विचार पुन्हा आला की शपथ मोडल्याचा अपराधभावही येतो. ‘पोराबाळांचा विचार कर’, ‘तुझ्यापेक्षा वाईट दिवस लोकांनी काढलेत’ या वाक्यांचंही तेच होतं. पोराबाळांचा विचार अण्णा रात्रंदिवस करतच होते, म्हणून तर हिशेब तिथे पोचला होता.

विचारणं

वाट उघडली ती मुलीनं. ती माहेरी आली होती, पान्यांची पेटी दिसली नाही म्हणून तिनं आईला विचारलं आणि दुपारी वडिलांशेजारी बसली. तिनं वापरलेले शब्द जवळपास असे होते: ‘अण्णा, एवढं दुखत राहिलं की माणसाच्या मनात जीव द्यायचे विचार येतात. तुमच्या मनात येतात का?’ आणि ती गप्प राहिली.

या प्रश्नात तीन गोष्टी बरोबर आहेत. विचार दुखण्यातून येतात असं आधीच म्हटल्यामुळे लाज कमी झाली. ‘जीव द्यायचे विचार’ असं स्पष्ट म्हटलं, ‘काही वेडंवाकडं तर नाही ना’ असं नाही. त्या गोल प्रश्नाचं उत्तर जवळजवळ नेहमी ‘नाही’ येतं, कारण विचारणाऱ्याला तेच ऐकायचंय हे समोरच्याला कळतं. तिसरं म्हणजे ती थांबली. उत्तर यायला दोन मिनिटं लागली. बहुतेक लोक दहाव्या सेकंदाला स्वतःच बोलायला लागतात.

विचारल्यामुळे डोक्यात नसलेला विचार शिरतो ही भीती खरी नाही. आजवरच्या अभ्यासांत थेट विचारण्यानं धोका वाढल्याचं दिसलेलं नाही.

होकार आल्यावर पुढचे प्रश्न पायरीपायरीनं विचारायचे असतात. विचार किती वेळा येतात, कुठल्या वेळेला? कसं करायचं हे मनात आलंय का? ते करायचं ठरवलंय का, दिवस धरलाय का? काही तयारी केली आहे का, याआधी कधी प्रयत्न केला होता का? आणि आजवर कशानं थांबवलं? मुलीनं यातले पहिले दोन विचारले, बाकीचे डॉक्टरांनी. घरच्या माणसानं सगळी चौकशी पुरी करायची गरज नाही. त्यानं दार उघडायचं आणि तपासणीपर्यंत सोबत जायचं. अण्णांचं चित्र असं होतं: विचार रोज, रात्री दोननंतर. मार्ग मनात आलेला. दिवस ठरलेला नाही. निरवानिरव सुरू झालेली. आधीचा प्रयत्न नाही. थांबवणारी गोष्ट नात, ती शाळेत जाताना टाटा करायला वर येते. एवढ्यावर त्याच दिवशी तज्ज्ञाला दाखवणं भाग होतं, ‘सोमवारी बघू’ म्हणण्याची ही वेळ नव्हती.

संध्याकाळ झाली होती, ओपीडी बंद. मुलीनं १४४१६ लावला. आधी भाषा निवडायची असते, मग प्रशिक्षित समुपदेशक फोनवर येतो आणि गरज असेल तर प्रकरण मानसोपचारतज्ज्ञांकडे पुढे देतो. ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. फोन नातेवाइकानं केला तरी चालतो, हे अनेकांना ठाऊक नसतं. त्या संभाषणातून दोन ठोस गोष्टी हाती आल्या: आज रात्री त्यांना एकटं ठेवू नका, आणि घरातल्या औषधांचा साठा व त्यांनी ज्या मार्गाचा उल्लेख केला त्याच्याशी संबंधित वस्तू त्यांच्या हाताला लागणार नाही अशा जागी, शक्यतो घराबाहेर हलवा.

दुसऱ्या बाबतीत घरचे कचरतात. ‘ज्याला करायचंय तो कसंही करणारच’ असं म्हणतात. हे खरं नाही. आत्महत्येची तीव्र लाट बहुधा मिनिटांची किंवा थोड्या तासांची असते. त्या वेळात साधन हाताशी नसेल तर बहुतेक जण दुसरं शोधत बसत नाहीत, आणि लाट ओसरते. आत्महत्या टाळण्याच्या ज्या उपायांचा पुरावा सर्वांत भक्कम आहे, त्यांत साधन दूर ठेवणं वरच्या क्रमांकावर येतं. मात्र हे चोरून करू नये. अण्णांना सांगूनच केलं: ‘कायमचं नाही, तुम्हाला बरं वाटेपर्यंत.’ गुपचूप केलं असतं तर रोजच्या गोळीसाठीही झडती सुरू झाली असती.

पोलिसांची भीती

मुलगा म्हणाला, सरकारी दवाखान्यात सांगितलं तर पोलीस केस होईल. मनात विचार येणं हा कधीच गुन्हा नव्हता. प्रयत्नाच्या बाबतीतही कायदा बदलला आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्याच्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच गृहीत धरायचं आणि तिला उपचार व पुनर्वसन देणं ही शासनाची जबाबदारी. १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय न्याय संहितेत जुन्या ३०९ कलमासारखं सरसकट कलम नाही. लोकसेवकावर दबाव आणण्यासाठी केलेल्या प्रयत्नाचं वेगळं कलम तेवढं आहे. रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्कही २०१७ च्या कायद्यात आहे. ही माहिती मुलाच्या गळी उतरायला एक पूर्ण भेट गेली, आणि ती वाया गेली असं म्हणता येणार नाही.

तपासणी आणि औषधं

दुसऱ्या दिवशी कोल्हापूरला, मानसोपचार विभागात. तिथे नऊ प्रश्नांची नैराश्याची प्रश्नावली भरून घेतली. मागच्या दोन आठवड्यांबद्दल प्रत्येक प्रश्नाला ० ते ३ गुण, एकूण २७. अण्णांचे १९ आले, म्हणजे मध्यम-तीव्रच्या पट्टीत. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा असतो. एकूण बेरीज कितीही कमी असली तरी या प्रश्नाला शून्याहून जास्त गुण असतील तर थांबून बोलायलाच हवं. नुसती बेरीज बघून कागद फाइलला लावणं ही नेहमी होणारी चूक आहे.

दाखल करायचं का, हा प्रश्न आला. ठरलेला दिवस नाही, सोबतीला माणूस आहे, साधनं हलवली आहेत आणि पुन्हा येण्याची तयारी आहे, म्हणून घरी ठेवायचं ठरलं. यातली एक जरी गोष्ट नसती तर निर्णय वेगळा झाला असता.

वेदना आणि नैराश्य या दोन्हींवर काम करणारं डुलोक्सेटिन सुरू झालं. डॉक्टरांनी ते आठवडाभर ३० मिलिग्रॅम आणि सोसल्यावर ६० असं लिहून दिलं. हे औषध आपल्या मनानं सुरू किंवा बंद करण्याचं नाही. त्यांनी समोर बसवून सांगितलेल्या गोष्टी औषधाइतक्याच कामाच्या होत्या. पहिल्या दिवसांत मळमळेल. मनावरचा परिणाम दिसायला दोन ते सहा आठवडे लागतील. सुरुवातीला अस्वस्थता किंवा एका जागी बसवत नाही अशी तगमग वाढली तर वाट न बघता फोन करायचा. उत्साह आधी परतला आणि निराशा मागे राहिली, असे काही दिवस येऊ शकतात. त्या दिवसांत जास्त सांभाळायचं. म्हणून पहिली फेरतपासणी महिन्यानं नाही, सातव्या दिवशी. गोळ्याही एका वेळी आठवड्याच्याच, पत्नीच्या ताब्यात.

प्रिगॅबालिन कधी वाढवलं आणि कधी सोडलं, याच्या तारखाही विचारल्या गेल्या. अपस्माराच्या गटातल्या औषधांनी काही जणांत आत्महत्येचे विचार वाढू शकतात असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २००८ मध्ये दिला होता, आणि हे औषध त्याच गटातलं. अण्णांचे विचार त्याआधीपासूनचे होते, पण औषध एकदम तोडल्यानंतरच्या पंधरवड्यात झोप पार उडाली होती. नव्या किंवा बंद केलेल्या औषधाची तारीख आणि विचार वाढल्याची तारीख शेजारीशेजारी लिहिणं, हे कुठल्याही घराला जमण्यासारखं आहे.

दारूबद्दल व्याख्यान दिलं नाही. क्वार्टरनं डोळा लागतो, पण उतरली की झोप दोन वाजता मोडते, आणि नेमकी तीच त्यांची वाईट वेळ. शिवाय दारू मनाचा ब्रेक सैल करते. वेळेचा हा जोड लक्षात आल्यावर अण्णांनी स्वतःच कमी करायला होकार दिला. रोज पिणाऱ्यानं एकदम बंद करणं धोक्याचं ठरू शकतं, म्हणून तेही डॉक्टरांच्या सल्ल्यानं, टप्प्यानं.

रात्री दोनचा कागद

बार्बरा स्टॅन्ली आणि ग्रेगरी ब्राऊन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी मांडलेला सुरक्षा आराखडा आता जगभर वापरतात. त्याच्या सहा पायऱ्या: धोक्याच्या खुणा, एकट्यानं करायच्या गोष्टी, मन दुसरीकडे नेणारी माणसं व जागा, ज्यांच्याकडे उघड मदत मागता येते ती माणसं, व्यावसायिक मदत आणि घर सुरक्षित करणं. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांत झालेल्या, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हा आराखडा आणि त्यानंतरचे पाठपुराव्याचे फोन मिळालेल्यांमध्ये पुढच्या सहा महिन्यांत आत्मघाती वर्तन सुमारे ४५ टक्क्यांनी कमी आढळलं. आपल्याकडे या अभ्यासातले फोन गाळून नुसता कागद भरून घेतात, मग तो कागद चालत नाही.

अण्णांचा पहिला कागदही चालला नाही. त्यावर ‘सकारात्मक विचार करणे, नामस्मरण, प्राणायाम, कुटुंबाशी संवाद’ असं सुवाच्य अक्षरात होतं. अक्षर समुपदेशकाचं, शब्दही त्याचेच. तीन ठिकाणी तो मोडला. पायात आग पेटलेली असताना सकारात्मक विचार करता येत नाही. ज्याला ते जमतंय त्याला कागदाची गरजच नाही. दुसरं, मदतीच्या माणसांत पत्नीचं नाव पहिलं होतं, आणि दिवसभर मशीनवर बसून आलेल्या बाईला दोन वाजता उठवायचं अण्णांच्या जिवावर यायचं. आपण ओझं आहोत हीच तर त्यांची बोच. तिसरं, कागद फाइलमध्ये आणि फाइल कपाटात.

दुसरा कागद अण्णांच्या शब्दांत झाला. तो असा:

खूण: दोनला जाग, तळव्याला आग, घड्याळाकडे बघत पडणं, ‘माझ्यामागं नीट होईल’ हे वाक्य डोक्यात फिरणं.

मी एकटा: अंथरुणातून उठायचं, पडून राहायचं नाही. दिवा लावायचा. पाय पाण्यात, पाणी कोमट, बर्फाचं नाही. मग नातीच्या शाळेचं बिघडलेलं घड्याळ किंवा जुना रेडिओ खोलून बसायचं.

माणसं, जागा: रात्रपाळीचा मित्र, कारखान्याजवळची चहाची गाडी.

मदत मागायची: मुलगी. ती म्हणाली आहे, ‘कधीही’. मग दाजी. पत्नीला उठवायचं की नाही हे तिनंच ठरवून सांगितलंय: ‘उठवायचं.’

बाहेरची मदत: १४४१६. धोका वाटला तर ११२. दवाखान्याचा क्रमांक.

घर: गोळ्या आठवड्याच्याच. बाकी वस्तू दाजींकडे.

यातली तिसरी पायरी बहुतेक गावांत रात्री कोरी राहते. दोन वाजता कोण जागं असणार? इचलकरंजीत माग रात्रभर चालतात, बारा तासांच्या पाळ्या असतात, आणि त्या वेळी जागी असलेली माणसं शेकड्यांनी आहेत. मित्राशी मरणाबद्दल बोलायचं नव्हतंच. या पायरीचा हेतूच तो नाही. ‘काय चाललंय?’ ‘काय नाही अण्णा, सुताची नुसती बोंब हाय, ये की चहाला’ एवढं पुरायचं. दुसऱ्या गावात हीच पायरी दवाखान्याचा रखवालदार, दूध संकलनावर पहाटे जाणारा भाऊ किंवा परदेशात दिवस उजाडलेला भाचा अशी भरता येते. आराखडा लिहिताना माणसाच्या वाईट वेळेला त्याच्या भोवती कोण जागं असतं, हा प्रश्न आधी विचारावा.

कागदाच्या दोन प्रती केल्या. एक दिनदर्शिकेच्या मागच्या पानाला चिकटवली. एकीचा फोटो मोबाइलच्या पहिल्या पडद्यावर ठेवला, कारण डोळ्यांत पाणी असताना पिन टाकून, यादी उघडून नाव शोधणं होत नाही.

वेदनेचं काम

फिजिओथेरपिस्टनं पहिल्या दिवशी व्यायाम शिकवला नाही, डायरी ठेवायला लावली. त्यात दिसलं की बरं वाटलेल्या दिवशी अण्णा अख्खं दुपारभर उभे राहून काहीतरी दुरुस्त करतात आणि पुढचे तीन-चार दिवस अंथरुणात जातात. मग ‘आपल्याला काही जमत नाही’ हा निष्कर्ष, आणि त्या रात्री विचार. उपाय म्हणजे दुखण्याला मालक न करता घड्याळाला करणं. चालणं दिवसातून दोनदा सहा मिनिटं, दर चार दिवसांनी एक मिनिट वाढ. चांगला दिवस असला तरी जास्त नाही, वाईट असला तरी शक्यतो तेवढं. चांगल्या दिवशी थांबणंच लोकांना जड जातं. झोपेसाठी उठण्याची वेळ पक्की केली, सहा. रात्र कशीही गेली तरी सहा, दुपारची झोप बंद.

इथे एक गोष्ट डॉक्टरांनी लपवली नाही: पाय पूर्ण बरा होईल असं आश्वासन देता येत नाही. हे ऐकून अण्णा खचतील असं घरच्यांना वाटलं होतं. उलट ते म्हणाले, ‘निदान खरं बोलला.’ ध्येय दहापैकी आठवरून पाचवर आणि तीन तासांची झोप साडेपाचवर, असं धरलं.

ओझं

‘तुम्ही ओझं नाही’ असं कितीही सांगितलं तरी ते पटत नाही, कारण माणसाच्या हातात त्याविरुद्ध पुरावा असतो: हप्ता मुलगा भरतो, गोळी बायको देते. म्हणून बोलण्यापेक्षा काम शोधलं. पान्यांची पेटी घेऊन गेलेला तो तरुण जोडारी नवखा होता. तो अडला की फोन करायचा, फोन मागाजवळ धरायचा आणि अण्णा आवाजावरून सांगायचे, ‘धोटा अर्ध्यात मार खातोय, पिकर बघ घासलाय का.’ दहापैकी सात-आठ वेळा बरोबर निघायचं. मालकाला हे कळल्यावर त्यानं महिन्याला थोडे पैसे लावून दिले. रक्कम फार नाही, पण पतसंस्थेच्या हप्त्यातला आपला वाटा अण्णा स्वतः देऊ लागले. पेटी परत मागितली नाही. त्यातला हातोडा मात्र त्या पोरानं आपणहून आणून दिला.

पत्नीकडेही बघावं लागलं. पहिले पंधरा दिवस रात्री कुणीतरी जागं राहायचं असं ठरलं होतं, आणि तिनं सगळ्या रात्री स्वतःवर घेतल्या. आठव्या दिवशी ती मशीनवर पेंगली. पाळी लावावी लागते: मुलगा, मुलगी, दाजी, ती. आणि पहारा म्हणजे तुरुंग नव्हे. न्हाणीघराचं दार दर मिनिटाला वाजवलं तर माणूस पहारेकऱ्याला चुकवायला शिकतो. तिलाही एक फोन १४४१६ ला करायला लावला, स्वतःसाठी.

चौथ्या महिन्यातली घसरण

दिवाळीत गोळ्या संपल्या. ओपीडीला सुट्टी, ‘बरं तर वाटतंय’ म्हणून पाच दिवस गेले. डुलोक्सेटिन एकदम थांबलं की चक्कर, चिडचिड, डोक्यात विजेचे झटके बसल्यासारखं होऊ शकतं. अण्णांना ते सगळं झालं आणि त्यांना वाटलं, आजार परत आला, आता काही खरं नाही. त्यातच मुलगा वैतागून बोलून गेला, ‘सणासुदीला तरी नाटक नको.’ त्या रात्री विचार पूर्वीच्या जोरानं आले.

त्यांनी कागदाप्रमाणे दिवा लावला. रेडिओ खोलला नाही, हात थरथरत होते. मित्राला फोन लावला, त्यानं उचलला नाही, माग बंद होते. मुलीनं दुसऱ्या रिंगला उचलला. पहाटेपर्यंत फोन चालू राहिला, बोलणं फार नव्हतं. सकाळी दाजी गाडी घेऊन आले आणि थेट दवाखान्यात नेलं.

विचार परत येणं म्हणजे उपचार फसले असा अर्थ नाही. दीर्घ दुखण्यात ते परत येतातच, विशेषतः औषधाच्या खंडात, पैशाच्या पेचात आणि अपमान झाल्यावर. पहिली पायरी चालली नाही तर पुढची, ती चालली नाही तर त्यापुढची, हे त्या रात्री झालं, आणि आराखडा याचसाठी असतो. जागतिक आरोग्य संघटनेनं पाच ठिकाणी, त्यांत चेन्नई एक, केलेल्या अभ्यासात आत्महत्येचा प्रयत्न केलेल्यांशी तासभराचं एक बोलणं आणि मग दीड वर्षात नऊ वेळा संपर्क, फोन किंवा भेट, एवढंच केलं होतं. या गटात आत्महत्येनं झालेले मृत्यू ०.२ टक्के होते, नेहमीचे उपचार मिळालेल्या गटात २.२ टक्के. त्या संपर्कात उपचार म्हणावं असं फारसं नव्हतं. ‘कसे आहात, काही मदत हवी का’ एवढंच होतं.

घसरणीनंतर तीन बदल केले. औषध संपायच्या सात दिवस आधीची तारीख दिनदर्शिकेवर लाल पेनानं लिहायची, आणि सण येत असेल तर आणखी आधीची. कागदावर सुट्टीच्या दिवसांसाठी तिसऱ्या पायरीत वेगळं नाव घालायचं. मुलाला एका भेटीला सोबत बोलावून ‘नॉर्मल’ रिपोर्टचा अर्थ डॉक्टरांच्याच तोंडून ऐकवायचा.

सध्याची स्थिती

आठव्या महिन्यात वेदना पाच-सहावर, झोप पाच तासांच्या आसपास, प्रश्नावलीचे गुण ९. विचार आठवड्यातून एक-दोनदा येतात. अण्णा त्यांना ‘दोनचा पाहुणा’ म्हणतात आणि दिवा लावून उठतात. साठा अजून आठवड्याचाच आहे. तो पंधरा दिवसांचा करायचा का, हे पुढच्या भेटीत ठरेल, आणि अण्णांनी स्वतःच ‘इतक्यात नको’ म्हटलं आहे. पायातल्या कमजोरीसाठी अपंगत्वाच्या दाखल्याचा अर्ज भरला आहे. नुसत्या वेदनेवर दाखला मिळत नाही, पायाची ताकद मोजली जाते, त्यामुळे निकाल काय येईल सांगता येत नाही. कागद दर तीन महिन्यांनी नव्यानं लिहायचा ठरलंय, त्यातली एक तारीख दिवाळीच्या तीन आठवडे आधीची धरली आहे.